पियदसि राजा कोण? : पुरावा बदलतो तेव्हा मत कसे बदलावे

इतिहासाच्या तासाला आमच्या निवासी शाळेत एक प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जातो. "सर, जुन्या पुस्तकात असे होते, नव्या पुस्तकात तसे आहे, मग खरे कोणते?" प्रश्न साधा आहे, पण त्यामागे एक समजूत दडलेली असते. मत बदलले म्हणजे आधी सांगणारा खोटा होता, किंवा आता सांगणारा कोणाच्या तरी दबावाखाली आला आहे, अशी ती समजूत. ती केवळ मुलांची नाही. सुट्टीत मुलांना न्यायला येणाऱ्या पालकांच्या, विहारात भेटणाऱ्या समाजबांधवांच्या, उच्च पदांवर पोहोचलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या बोलण्यातही ती डोकावते. मत बदलणे हा आपल्याकडे मानभंग समजला जातो. सार्वजनिक जीवनात तर ती फितुरीच ठरते.

या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही या प्रश्नाचा विचार एका उदाहरणाच्या आधारे करू इच्छितो. उदाहरण सम्राट अशोकाचे आहे. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने स्वीकारलेल्या राष्ट्रध्वजावर ज्याचे धम्मचक्र आले, ज्याच्या सारनाथच्या स्तंभावरील सिंह आपली राष्ट्रमुद्रा झाले, त्या राजाची ओळख दोनशे वर्षांपूर्वी भारतात जवळजवळ पुसलेली होती. श्रीलंका, ब्रह्मदेश, तिबेट आणि चीन येथील बौद्ध ग्रंथांनी त्याचे नाव जपले होते. आपल्याकडे पुराणांतील मौर्यवंशाच्या यादीत ते एक कोरडे नाव म्हणून उरले होते. त्याचे स्तंभ मात्र उघड्यावर उभे होते, आणि माणसाला उत्तर ठाऊक नसले म्हणजे तो प्रश्न मोकळा ठेवत नाही, हातात असेल ते उत्तर त्यात भरतो, याची साक्ष देत होते.

चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने टोपरा आणि मेरठ येथील दोन स्तंभ दिल्लीला आणविले. त्यांवरील लेख वाचण्यासाठी त्याने विद्वान बोलाविले. एकालाही अक्षर लागले नाही. शम्स-इ-सिराज अफीफ या इतिहासकाराने नोंदविले आहे की, काहींनी त्या लेखाचा अर्थ असा सांगितला : हा स्तंभ कोणालाही हलविता येणार नाही, पुढे फिरोज नावाचा सुलतान येईल तोच तो हलवील. दरबारी विद्वत्तेचा हा नमुना आजही ओळखीचा वाटावा असा आहे. सामान्य लोक त्या स्तंभांना भीमाची काठी म्हणत. सतराव्या शतकाच्या आरंभी थॉमस कोरियट हा इंग्रज प्रवासी दिल्लीत आला. त्याला तीच अक्षरे ग्रीक वाटली आणि पोरसावरील विजयानंतर सिकंदराने हा स्तंभ उभारला असा त्याने निष्कर्ष काढला. ज्याच्या मनात जे होते ते त्याला दगडावर दिसले. आपल्या महाराष्ट्रात हेच घडले. नाशिकच्या ज्या डोंगराला तिथल्याच शिलालेखांत त्रिरश्मी म्हटले आहे आणि जिथल्या लेण्या भिक्खुसंघाला दान दिल्याचे सातवाहन आणि क्षत्रप राजवंशांनी कोरून ठेवले आहे, त्या लेण्या लोकांच्या तोंडी पांडवलेणी झाल्या.

ही कोंडी फोडली ती जेम्स प्रिन्सेप याने. कलकत्त्याच्या टांकसाळीत नाण्यांतील सोन्याचांदीचा कस पारखणारा हा अधिकारी. बंगालच्या एशियाटिक सोसायटीचे नियतकालिक तो संपादित करीत असे. दिल्ली, अलाहाबाद आणि बिहारमधील लौरिया येथील स्तंभांवरचे ठसे शेजारी ठेवून पाहताना या सर्वांवर एकच मजकूर आहे, हे त्याच्या ध्यानात आले. पुढे १८३७ साली सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवरील अनेक छोट्या लेखांचे ठसे त्याच्या हाती आले. बहुतेक लेखांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होत होता. प्रिन्सेपने तर्क केला : स्तूपाच्या कठड्यावर एवढे निरनिराळे लेख असतील तर ते राजाज्ञा नसावेत, दात्यांची नावे असावीत, मग शेवटचा शब्द 'दानं' असणार. त्याच्या आधीचे अक्षर षष्ठीचे 'स' असणार, म्हणजे 'अमक्याचे दान'. एका तर्काने तीन अक्षरे उलगडली. त्या अक्षरांच्या आधारे पुढची, असे करीत अल्पावधीत ब्राह्मी लिपी वाचली गेली. कोण्या मोठ्या राजाच्या कीर्तीतून ही किल्ली मिळाली नाही. सामान्य उपासक-उपासिकांनी आणि भिक्खू-भिक्खुणींनी दिलेल्या छोट्या दानांच्या नोंदींतून ती मिळाली, हे आम्ही मुलांना मुद्दाम सांगतो.

स्तंभ आता बोलू लागले. पण बोलणारा कोण? प्रत्येक आज्ञेच्या आरंभी 'देवानंपिय पियदसि राजा' असे येत होते. भारतातील कोणत्याही ज्ञात वंशावळीत या नावाचा राजा नव्हता. त्याच सुमारास श्रीलंकेतील मुलकी अधिकारी जॉर्ज टर्नर याने 'महावंस' हा पाली ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला होता. त्यात देवानंपिय तिस्स नावाचा सिंहली राजा होता, तो बौद्धही होता. प्रिन्सेपने मत मांडले की, हे लेख त्या सिंहली राजाचे असावेत.

हे मत चुकीचे ठरले, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. परंतु ते मूर्खपणाचे नव्हते. हाताशी असलेल्या माहितीत 'देवानंपिय' ही पदवी धारण करणारा एकच राजा होता. श्रीलंकेचा राजा दिल्लीपर्यंत स्तंभ कसे उभारील, ही अडचण होतीच, आणि म्हणून ते मत पक्के मानण्याजोगे नव्हते. पण दुसरा उमेदवार नसताना ते तात्पुरते धरणे वावगे नव्हते. चुकीचे मत आणि चुकीच्या रीतीने बनविलेले मत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. परीक्षेत उत्तराला गुण देण्याची सवय लागल्याने आपण शिक्षकसुद्धा हा भेद विसरतो.

थोड्याच दिवसांत टर्नरनेच नवी माहिती पुढे आणली. 'दीपवंस' या अधिक जुन्या पाली ग्रंथाच्या हस्तलिखितात त्याला असे आढळले की, चंद्रगुप्ताचा नातू आणि बिंदुसाराचा पुत्र अशोक याचेच दुसरे नाव पियदस्सि होते. हा खुलासा त्याने कळविला आणि तो प्रसिद्ध कोठे झाला? ज्या नियतकालिकात प्रिन्सेपने आपले सिंहली राजाचे मत छापले होते, त्याच नियतकालिकात, त्याच वर्षी, प्रिन्सेपच्याच संपादनाखाली. प्रिन्सेपने आपले मत सोडले आणि नवे स्वीकारले.

येथे क्षणभर थांबून त्याने काय सोडले आणि काय सोडले नाही, हे पाहिले पाहिजे. आमच्या मते या सर्व हकिकतीचे मर्म तेथे आहे. राजाची ओळख चुकली म्हणून अक्षरवाचन चुकले असे ठरले नाही. 'पियदसि' ही अक्षरे जशी होती तशीच राहिली, कारण त्यांचा पुरावा वेगळा होता, तो सांचीच्या दानलेखांत होता. घराची एक भिंत ओलावली म्हणून कोणी पाया उखडत नाही. उलट पाया पक्का आहे म्हणून ओली भिंत तशीच ठेवतही नाही. आपल्याकडे वादविवादात मात्र हे दोन्ही प्रकार चालतात. एखाद्या लेखकाची एक तारीख चुकली की त्याचे सारे पुस्तक बाद. आणि लेखक आपला असला तर चुकलेली तारीखही पवित्र. कोणते मत कोणत्या पुराव्यावर उभे आहे हे आधीच वेगवेगळे लावून ठेवलेले असेल, तर नवी माहिती आल्यावर नेमके तेवढेच बदलता येते.

दुसरा मुद्दा खात्रीच्या प्रमाणाचा. टर्नरच्या खुलाशाने प्रश्न मिटला असे नाही. एका ग्रंथातील एका उल्लेखावर उभी असलेली ही ओळख संभाव्य होती, सिद्ध नव्हती. मग एकेक साक्षीदार येत गेला. १८३८ साली गिरनारच्या शिलालेखात प्रिन्सेपला 'अंतियोक' हा यवन राजा आढळला, पुढे ईजिप्तच्या टॉलेमीचेही नाव आढळले. तेराव्या शिलालेखात असे एकूण पाच यवन राजे आहेत. त्यांपैकी सीरिया, ईजिप्त, मॅसिडोनिया आणि सायरीनी येथील चौघांचे काळ ग्रीक इतिहासावरून ठाऊक होते, आणि ते इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकाच्या मध्याशी जुळत होते. (पाचवा अलेक्झांडर एपिरसचा की कॉरिंथचा, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही, आणि तो प्रश्न मोकळा ठेवल्याने कोणाचे काही बिघडलेले नाही.) विल्यम जोन्सने १७९३ साली ग्रीकांचा 'सँड्रोकोट्टस' म्हणजे चंद्रगुप्त हे दाखवून दिलेच होते. त्याचा नातू याच काळात येतो. अशा रीतीने पाली ग्रंथ आणि ग्रीक इतिहास, ज्यांनी एकमेकांना कधी विचारले नव्हते, एकाच ठिकाणी येऊन मिळाले.

तरीही होरेस विल्सनसारख्या नामवंत संस्कृत पंडिताला पियदसि म्हणजे अशोक हे मान्य नव्हते. हे लेख बौद्धाचे आहेत याबद्दलही त्याने शंका घेतली. आमच्यातील काहींना ही शंका ऐकताच राग येतो. पण शंका निराधार नव्हती. मोठ्या शिलालेखांत बुद्धाच्या तत्त्वज्ञानाचे विवेचन नाही. त्यांत आईवडिलांची सेवा, दास-सेवकांशी नीट वागणूक, प्राणिमात्रावर दया, सर्व पंथांचा आदर असे विषय आहेत. या शंकेला उत्तर रागाने मिळाले नाही. राजस्थानात बैराटजवळ १८४० साली सापडलेल्या भाब्रू लेखाने ते दिले. त्यात राजा संघाला अभिवादन करतो, बुद्ध, धम्म आणि संघ यांवरील आपली श्रद्धा व्यक्त करतो आणि भिक्खू-भिक्खुणींनी व उपासक-उपासिकांनी कोणती सात धम्मवचने वारंवार ऐकावीत हे सांगतो. त्यांत राहुलाला खोटे बोलण्याविषयी केलेला उपदेशही आहे. तो दगड आज कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत आहे.

प्रिन्सेप आजारी होऊन १८३८ साली मायदेशी परतला होता. एप्रिल १८४० मध्ये, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी तो वारला. त्यानंतर पाऊणशे वर्षांनी, १९१५ साली, तेव्हाच्या निजाम राज्यात रायचूरजवळ मस्की येथे एका खाण अभियंत्याला एक लेख दिसला. त्यात 'देवानंपिय' या पदवीपुढे 'अशोक' हे नाव स्पष्ट कोरलेले होते. आणि पुढे स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात दतिया जिल्ह्यातील गुजर्रा येथे सापडलेल्या लेखात 'पियदसि' आणि 'अशोक' ही दोन्ही नावे एकत्र आली. १८३७ सालचा 'बहुधा' शंभराहून अधिक वर्षांनी 'निश्चित' झाला.

या साक्षीदारांची किंमत त्यांच्या संख्येत नाही, ते एकमेकांपासून स्वतंत्र आहेत यात आहे. श्रीलंकेतील भिक्खूने गिरनारचा खडक पाहून 'दीपवंस' लिहिला नव्हता. मस्कीच्या कोरक्याला ग्रीक वंशावळी ठाऊक नव्हत्या. आता मोबाईलवर येणारा एखादा संदेश पाहावा. तो सकाळी मामेभावाकडून येतो, दुपारी वसतिगृहातील जुन्या मित्रांच्या गटावर येतो, रात्री विहार समितीच्या गटावर येतो. तीन ठिकाणांहून आला म्हणून तो खराच असला पाहिजे, असे मन म्हणते. वास्तविक झरा एकच, ओहोळ तीन. कोणी एकाने लिहिले, बाकीच्यांनी पुढे ढकलले. साक्षीदार एकच, तोही बहुधा निनावी. 'देशातील प्रत्येक लेणी बौद्धच' असे सांगणारे संदेश आम्हांलाही येतात. वेरूळच्या चौतीस लेण्यांपैकी पहिल्या बारा बौद्ध आहेत, त्यापुढील सतरा हिंदू आणि शेवटच्या पाच जैन. त्रिरश्मीला पांडवलेणी म्हणणे जसे चूक, तसेच वेरूळच्या कैलासाला विहार म्हणणेही चूक. एक चूक दुसऱ्यांनी केली आणि एक आपण, एवढाच फरक.

नावडती माहिती आली की आपण तिच्याकडे वकिलाच्या नजरेने पाहतो आणि आवडती आली की पाहुण्याच्या. म्हणून मत बदलण्याची खरी कसोटी आपल्या आवडत्या समजुतींवर लागते. अशोकाच्याच संदर्भात अशा तीन समजुती आम्ही वर्गात तपासून पाहतो.

पहिली : अशोकाने राज्यासाठी आपल्या नव्याण्णव भावांची हत्या केली. ही कथा 'महावंसा'ची, म्हणजे आपल्याच परंपरेची. परंतु पाचव्या शिलालेखात अशोक आपल्या भावा-बहिणींच्या अंतःपुरांची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्यांचा उल्लेख करतो. सर्व भाऊ मारले गेले असते तर हा उल्लेख अवघड होतो. धम्मापूर्वीचा अशोक जितका काळा रंगवावा तितका धम्माचा प्रभाव उठून दिसतो, म्हणून ही कथा वाढली असावी. 'दीपवंसा'ने आपल्याला अशोक मिळवून दिला म्हणून सिंहली ग्रंथांचे प्रत्येक वाक्य मान्य करण्याचे बंधन आपल्यावर येत नाही. एकच साक्षीदार एका बाबतीत भरवशाचा आणि दुसऱ्या बाबतीत नाही, असे असू शकते.

दुसरी : कलिंगच्या रणभूमीवर प्रेतांचा खच पाहून अशोकाने तलवार टाकली आणि तत्क्षणी धम्म स्वीकारला. चित्रपटांनी आणि स्नेहसंमेलनातील नाटुकल्यांनी ही समजूत घट्ट केली आहे. तेराव्या शिलालेखातील आकडे खरोखर भयंकर आहेत : दीड लाख लोक हद्दपार, एक लाख ठार आणि त्याच्या कितीतरी पट मृत्युमुखी. पश्चात्तापही खराच आहे. पण लघुशिलालेखांत राजा स्वतः सांगतो की, तो अडीच वर्षांहून अधिक काळ उपासक आहे. त्यांपैकी सुमारे एक वर्ष त्याने विशेष प्रयत्न केला नाही. संघाच्या सान्निध्यात आल्यावर मात्र वर्षाहून अधिक काळ तो कसून प्रयत्न करीत आहे. म्हणजे परिवर्तन एका सायंकाळी झाले नाही. उपासक झाल्यावरही हा माणूस वर्षभर रेंगाळला, आणि हे त्याने लपविले नाही, दगडावर कोरविले. हेही सांगितले पाहिजे की, ज्या कलिंगात हा संहार झाला तेथील धौली आणि जौगड या दोन्ही ठिकाणी तेरावा शिलालेख कोरलेला नाही. त्याऐवजी तेथे अधिकाऱ्यांसाठी वेगळ्या आज्ञा आहेत, ज्यांत सर्व माणसे माझी मुले आहेत असे तो म्हणतो. जखम ताजी असलेल्या लोकांपुढे तिचे आकडे मांडणे त्याने टाळले असावे. काहींना यात करुणा दिसेल, काहींना राजकारण. आम्हांला दोन्ही दिसतात.

तिसरी समजूत अधिक नाजूक आहे, आणि ती या स्मरणिकेत लिहावी की नाही यावर आम्ही विचार केला. अशोकाने विजयादशमीच्या दिवशी धम्मदीक्षा घेतली, असे आपण मानतो. त्या दिवसाला अशोक विजयादशमी म्हणतो. आजवर सापडलेल्या अशोकाच्या कोणत्याही लेखात त्याच्या दीक्षेचा मास वा तिथी नाही. हे वाचून एखाद्या वाचकाला वाटेल की, शिक्षकाने आपल्या सणालाच हात घातला. तसे नाही. येथे प्रिन्सेपची रीत वापरावी. कोणती गोष्ट कोणत्या पुराव्यावर उभी आहे? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे लाखो अनुयायांसह धम्माचा स्वीकार केला. याला छायाचित्रे आहेत, वृत्तपत्रे आहेत, तेथे उपस्थित असलेल्या आपल्याच आजी-आजोबांची साक्ष आहे. आपला दिवस या पायावर उभा आहे. अशोकाच्या तिथीची परंपरा ही परंपरा म्हणून सांगावी, शिलालेखाचा पुरावा म्हणून सांगू नये. उद्या एखाद्या खडकावर ती तिथी सापडली तर आम्ही आनंदाने मुलांना नवा पाठ शिकवू.

असे वागण्याचे शिक्षण आपल्याला बाहेरून आणावे लागत नाही. केसपुत्त येथील कालामांनी तथागतांना विचारले होते की, येणारा प्रत्येक श्रमण-ब्राह्मण आपलेच खरे म्हणतो, आम्ही कोणाचे मानावे? तेव्हा ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, असे तथागतांनी सांगितले, हे आपण भाषणांतून नेहमी ऐकतो. त्याच यादीच्या शेवटी असलेले कलम मात्र कमी वेळा ऐकू येते : हा श्रमण आमचा गुरू आहे, एवढ्यासाठीही मानू नका. आणि बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा आपला सिद्धान्त अंतिम असल्याचा दावा केलेला नाही. हा शेवटचा शब्द म्हणून स्वीकारा असे ते वाचकाला म्हणत नाहीत. पुरावा तपासून निर्णय करण्यास सांगतात. ज्या विषयाशी त्यांचे सारे आयुष्य बांधलेले होते, त्या विषयात त्यांनी हे लिहिले आहे.

आपल्या महाराष्ट्रातही अशोकाचा शब्द सापडला आहे, आणि तोही तुकड्यातुकड्याने. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याजवळ एक टेकाड खणले. गावकरी त्याला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. आत बौद्ध स्तूप निघाला. त्याच परिसरात त्यांना आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रांना जात, आपण त्याऐवजी संबोधीला गेलो आणि धम्मयात्रा सुरू केल्या, असे त्या लेखात अशोक सांगतो. पुढे १९५६ साली, आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, जवळच्या भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. एकूण मालिका चौदा लेखांची. उरलेले सोपाऱ्याच्या मातीत, विहिरीच्या बांधकामात किंवा समुद्रात असतील. आठव्या लेखाचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहता येतो. सहलीला नेण्यापूर्वी मुलांना ब्राह्मीची अक्षरे अवश्य शिकवावीत. आठ-दहा दिवसांत ती येतात. मग काचेपलीकडचा 'ध' आणि 'म' कोणी वाचून दाखवावा लागत नाही.